खडा दाखवा

दोन वर्षांपूर्वी पप्पांची पित्ताची पिशवी काढली, तेव्हा त्या डॉक्टरांनी आतले खडे औषधाच्या छोट्या बाटलीत घालून आमच्या हातात दिले. पोटाला चार भोकं आणि बाटलीत सतरा खडे. पप्पांनी बाटली घरात ठेवली नाही. कामाच्या शेडमध्ये, यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या फळीवर ठेवली. कुणी तब्येत विचारली की ते ती काढायचे, कानाजवळ खुळखुळ वाजवायचे आणि मग समोरच्याच्या तळहातावर ठेवायचे.

पप्पा जॉबर आहेत. टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांची दुरुस्ती करणाऱ्याला सोलापुरात जॉबर म्हणतात. त्यांची एक पद्धत आहे. मागाचा कुठलाही भाग बदलला की जुना, झिजलेला भाग कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. मालक तो तिथंच भंगारात टाकतो, ते वेगळं. "नुसतं बदलला म्हणून सांगितलं तर कोण खरं मानतंय? जुना हातात दिला की तोंड बंद," असं ते म्हणतात. स्वतः गिऱ्हाईक असले की तेही हेच मागतात. स्कूटरचा प्लग असो नाहीतर मिक्सरचं कपलिंग, जुना भाग बघितल्याशिवाय ते दुकानातून हलत नाहीत.

मला ह्याची लाज वाटायची. मी इंग्लिश मीडियमला होते. शाळेच्या रिक्षातून उतरताना पप्पा गॅरेजसमोर "आधी जुना दाखव" म्हणून हुज्जत घालताना दिसले, की मी मान खाली घालून दुसऱ्या बोळातून घरी जायचे. आता मी टॉवेल परदेशात पाठवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरं लिहिते. दिवसभर फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ती नोकरी मला आवडते. पण पप्पांचा संशय माझ्यातही उतरलाय. मी तोंडानं काही मागत नाही, एवढंच. गप्प बसून बघत राहते.

यंदा थंडी सरताना पप्पांचे डोळे पिवळे झाले. अंग खाजायचं. अंघोळीनंतर ते मम्मीचा कंगवा पाठीवर फिरवत दारात उभे राहायचे. शेजारणीनं होटगीकडच्या एका गावात काविळीचं औषध देतात म्हणून सांगितलं. पप्पा गेलेसुद्धा. पण तिथल्या माणसानं हिरवा रस पुढं केल्यावर पप्पांनी विचारलं, "ह्यात काय काय घातलंय?" तो म्हणाला, सांगितलं की गुण जातो. पप्पा भांडं तसंच ठेवून परत आले.

मग सोनोग्राफी झाली आणि त्यानंतर मोठं स्कॅन. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय असं निघालं. मोठ्या हॉस्पिटलातल्या पोटाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. पप्पा खुर्चीत पुढं सरकले.

"साहेब, एक इचारू का? पिशवीच काढलीय दोन वर्सांमागं. मग खडा आला कुटनं?"

"पिशवी काढली तरी नळी राहतेच ना. कधी एखादा खडा आधीच नळीत घसरलेला असतो. कधी नंतर तिथंच तयार होतो."

"म्हंजे पैल्या डॉक्टरनं एक आत सोडला."

"असं नाही म्हणता येणार."

"मग कसं म्हनायचं?"

डॉक्टर हसले. मला ते हसणं आवडलं नाही. प्रश्नाचं उत्तर नसलं की माणसं तसं हसतात, असं मला वाटलं. मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. यकृत, त्यातून खाली येणारी नळी, ती आतड्याला मिळते ती जागा. तोंडातून दुर्बीण घालायची, जठरातून खाली न्यायची, नळीचं तोंड आतून जरासं रुंद करायचं आणि खडा ओढून काढायचा. पोटाला हात लावायचा नाही. टाका नाही, डाग नाही.

चित्र पप्पांना लगेच कळलं. पाण्याचा पाइप तुंबला तर दुसऱ्या टोकानं तार घालतात, तसं. पण बाहेर आल्यावर ते मम्मीला म्हणाले, "डाग न्हाय म्हनतोय. डागच न्हाय तर काम केलं का न्हाय हे कळायचं कसं?"

मम्मी म्हणाली, "तुम्हाला काय, पोट फाडूनच पाहिजे का?"

"फाडलेलं दिसतं तरी."

दुर्बीण घालायच्या दिवशी सकाळी नर्सनं चार पानांचा फॉर्म आणला. मम्मीनं पेन घेतलं, तर नर्सनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्हाला इंग्लिश येतं ना? तुम्ही वाचा आणि सही करा." मी वाचलं. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला छिद्र पडू शकतं. शब्द सगळे ओळखीचे होते. पण ह्यातलं किती खरंच घडतं आणि किती नुसतं लिहून ठेवायचं म्हणून लिहिलंय, हे इंग्लिश येऊन कळत नाही. मम्मीनं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हणाले, "नेहमीचंच." आणि सही केली.

पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले. मास्क हनुवटीखाली ओढून, चालता चालताच म्हणाले, "झालं. खडा निघाला. आत थोडा पू होता, म्हणून प्लास्टिकची बारीक नळी ठेवलीय, स्टेंट. दीड महिन्यानं यायचं, ती काढून टाकू. विसरायचं नाही." मम्मीनं हात जोडले. मला विचारायचं होतं, खडा कुठाय? पण तोपर्यंत ते जिन्याकडं वळले होते. मला वाक्य जुळवायला वेळ लागतो.

पप्पा शुद्धीवर आल्यावर त्यांनी तेच विचारलं. घसा बसला होता, तरी पहिला शब्द तोच.

"खडा?"

"निघाला म्हणाले," मम्मी म्हणाली.

"कुटाय?"

मम्मीनं माझ्याकडं बघितलं. मी नर्सकडं बघितलं. नर्स सलाईनकडं बघत म्हणाली, "काका, ह्यात खडा हातात नाही देत. आतड्यात सोडतात. संडासवाटे जातो आपोआप."

पप्पांनी अंगावरचा हिरवा गाऊन वर केला आणि पोट बघितलं. जुनी चार भोकं होती, ती आता नुसते ठिपके झाली होती. नवीन काहीच नव्हतं. त्यांनी गाऊन खाली घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू उतरायला लागला, खाज गेली. मम्मीच्या दृष्टीनं विषय संपला. पण पप्पांच्या शेडमध्ये एक मामा आहेत, सख्खे नव्हेत, मीच त्यांना लहानपणापासून मामा म्हणते. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, पप्पांशी मराठीत. त्यांना मागं मुतखडा झाला होता. तो गाळून, धुऊन त्यांनी कापसात जपून ठेवलाय. ते पप्पांना बघायला आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "जॉबर, संडासवाटे जातो म्हणालेत ना? मग गाळा की! माझा मी गाळूनच पकडला. चार दिवस लागले. जाणार कुठं?"

दुसऱ्या दिवसापासून पप्पांनी गाळायला सुरुवात केली. मी ह्याबद्दल जास्त लिहीत नाही. शेडमधून ते पंपाची बारीक जाळी घेऊन आले. मागच्या अंगणात एक जुनी बादली होती. मम्मी आधी हसली, मग चिडली.

"अहो, गल्लीत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मी काय चोरी करायलोय का? माझा खडा, मी हुडकायलोय."

"आणि नाही सापडला तर?"

"तर कळंल की."

आठ दिवस त्यांनी शोधलं. आठव्या दिवशी जाळी धुऊन भिंतीला टेकवून ठेवली आणि जेवायला बसले. पप्पांनी भाकरी मोडली, वर शेंगदाण्याची चटणी घेतली.

"न्हाय काडला," ते म्हणाले. "काडला असता तर सापडला असता."

"मग कावीळ कशी उतरली?" मम्मी म्हणाली.

"औषधानं उतरली. नुसतं औषध दिलं असतं तरी उतरली असती. झोपवलं, तासभर आत ठेवलं, बाहेर काडलं. कुनाला काय कळतंय?"

मला तेव्हा म्हणायला हवं होतं की पित्ताच्या नळीतला खडा मुतखड्यासारखा टणक नसतो. पण मला ते माहीत नव्हतं. खरं म्हणजे पप्पांचं म्हणणं मला पटत होतं. आम्हाला कुणी आत बोलावलं नव्हतं. कुणी काही दाखवलं नव्हतं. आमच्या हातात होतं ते घरी सोडताना दिलेलं एक इंग्लिश कार्ड. त्यात लिहिलं होतं की खडा काढला, आणि लिहिणारा तोच होता, ज्यानं तो काढल्याचं सांगितलं. आमच्या ऑफिसातही माल निघायच्या आधी "माल निघाला" असं मी कितीतरी वेळा लिहिलंय. लिहिण्याची किंमत मला ठाऊक होती.

दीड महिना झाला, त्याच आठवड्यात हॉस्पिटलातून फोन आला. नंबर माझा दिला होता. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "पेशंटची स्टेंट काढायची आहे, कधी येताय?" पप्पा समोरच बसले होते. त्यांनी हातानं नाही नाही केलं आणि दक्षिणेकडं बोट दाखवलं. मैंदर्गीला, म्हणजे त्यांच्या गावाला, गेलोय म्हणून सांग.

"ते गावाला गेलेत," मी म्हणाले.

"कधी येतील?"

"सांगता येत नाही. शेताचं काम आहे."

फोन ठेवल्यावर पप्पा खूश झाले. "शाब्बास आक्का! शेताचं कुटनं सुचलं तुला? आपलं शेत तर चुलत्यानं कवाच घेतलं."

"अहो, पोरीला खोटं बोलायला शिकवताय," मम्मी आतून म्हणाली.

"मी कुटं शिकवलं? ती इंग्लिश मीडियमची हाय, तयार हाय."

मी हसले. ते हसणं मला नंतर फार दिवस टोचलं.

आठवड्यानं पुन्हा फोन आला. पप्पा म्हणाले, "बघ. चांगल्या डॉक्टरकडं पेशंट जातंय. हितं डॉक्टर पेशंटच्या मागं लागलाय. काहीतरी हाय." मी पुन्हा गाव सांगितलं. तिसरा फोन आला नाही, आणि त्याचाही पप्पांनी अर्थ लावला: "सापडली नाडी त्यांना. कळलं त्यांना, हे गिऱ्हाईक येत न्हाय."

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी स्टेंटबद्दल वाचायची. वेळेत काढली नाही तर ती तुंबते, ताप येतो, जंतू रक्तात जातात, असं एका ठिकाणी होतं. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी लिहिलं होतं की गरज नसताना नळ्या घालतात. मी दोन्ही वाचत होते आणि दोन्हींवर माझा विश्वास बसत नव्हता. नळी असेल तर पप्पांचा जीव धोक्यात होता. नसेल तर पप्पा बरोबर होते. ह्याच्या मधलं काही नव्हतं, आणि मी रोज डबा बंद करून पुन्हा कामाला लागत होते.

मे महिना आला. सोलापूरचा मे. दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. एका रविवारी मी बघितलं की पप्पांनी कूलर बंद केलाय आणि ते चादर ओढून झोपलेत. चादर छातीपर्यंत, हात आत.

"कूलर का बंद केला?"

"त्येची हवा सोसत न्हाय. सांधे धरतात."

मग मी लक्ष ठेवलं. डबा अर्धा परत यायला लागला होता. मम्मीला ते म्हणायचे, शेडमध्ये मामांनी खाऊ घातलं. मी मामांना वाटेत गाठून विचारलं. मामा म्हणाले, "माझा डबा? जॉबर तर आठ दिवस नुसता चहा पितोय." त्या संध्याकाळी पप्पा अंघोळीला गेल्यावर मी त्यांची हत्यारांची पिशवी उघडली. पान्यांच्या खाली तापाच्या गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या होत्या. पिशवी होती तशी बंद केली. इतके दिवस मी हॉस्पिटलवर संशय घेत होते. आता घरातच एक माणूस काहीतरी लपवत होता, आणि तो हॉस्पिटलचा नव्हता.

रात्रभर मी एक गोष्ट घोळवली आणि सकाळी चहाच्या वेळी बोलले.

"पप्पा, नळी आहे की नाही ते आपण बघू या."

"कसं?"

"पोटाचा साधा एक्स-रे. त्या हॉस्पिटलात नाही. दुसरीकडं, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. नळी एक्स-रेत दिसते, मी वाचलंय. त्यांना काहीच सांगायचं नाही. बघू ते काय म्हणतात."

पप्पांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं जरा वेळ बघितलं. ही युक्ती त्यांना स्वतःला कशी सुचली नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"चिठ्ठी लागंल."

"कोपऱ्यावरचे डॉक्टर देतील. पोट दुखतंय म्हणून सांगा."

"दुखतंय म्हनून सांगतो," ते म्हणाले, आणि लगेच उठले. ते एवढ्या लवकर उठतील असं मला वाटलं नव्हतं.

सात रस्ता चौकाजवळ एक एक्स-रेचं सेंटर आहे. पप्पांनी स्कूटरवरच मला बजावलं, "आपून गप्प. त्यालाच बोलू दे." आत माझ्याच वयाची एक मुलगी होती, निळा कोट घातलेली. तिनं चिठ्ठी बघितली, पप्पांना आत घेतलं, "काका, श्वास धरा... सोडा," म्हणाली आणि पाच मिनिटांत कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. पप्पा शर्टाची बटणं लावत तिच्या मागं उभे राहिले. मी दाराशी.

पडद्यावर पप्पांच्या फासळ्या आल्या, मणका आला. मणक्याच्या उजवीकडं एक बारीक, पांढरी, जराशी वाकलेली रेघ होती. हाडासारखी नव्हती. ती फारच नेमकी होती.

मुलगी वळली. "काका, स्टेंट कधी टाकलीय?"

पप्पा म्हणाले, "कसली स्टेंट?"

"ही काय." तिनं पेनाचं टोक रेघेवर ठेवलं. "पित्ताच्या नळीतली. ही कुणाच्या पोटात आपोआप येत नाही. तुम्हाला माहीत नाही?" मग तिनं माझ्याकडं बघितलं. "ताई, ह्यांचं ऑपरेशन झालंय ना? किती महिने झाले?"

मी पप्पांकडं बघितलं. पप्पा रेघेकडं बघत होते. मागाचा एखादा भाग उचलून झीज बघताना ते जसे डोळे बारीक करतात, तसे केले होते.

"तीन," शेवटी तेच म्हणाले.

"तीन महिने? काढायला बोलावलं नव्हतं?"

"बोलावलं हुतं."

बाहेर स्कूटरच्या सीटवर हात ठेवला तर भाजत होतं. पप्पा तरी त्यावर टेकले. चावी खिशातच होती.

"म्हंजे नळी हाय."

"हो."

"मग खडाबी काडला असंल."

"असेल."

"असंल म्हंजे? तू काय म्हनतीस?"

"नळी आहे, ते आता आपण बघितलं. खड्याचं मला माहीत नाही." मी थांबले. पुढचं वाक्य मी सकाळपासून जुळवत होते. "आणि तुम्हाला थंडी वाजून ताप येतो, ते मला माहीत आहे."

त्यांनी खिशातली चावी चाचपली.

"कवापासनं कळलं?"

"कूलर बंद केलात तेव्हापासून. पिशवीतल्या पट्ट्या काल बघितल्या."

"माज्या पिशवीत हात घातलास?"

"घातला."

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा, आणि रुमालानं मान पुसली. रुमाल धरलेला हात थरथरत होता. उन्हात उभं राहून माणूस थरथरतोय, हे बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"तुज्या आईला सांगू नको," ते म्हणाले.

"मी सांगणार आहे. आणि आपण आत्ता इथूनच तिकडं जाणार आहोत."

मी घराबाहेर कुणाला कधी "जाणार आहोत" म्हटलेलं मला आठवत नाही. पप्पांनी चावी काढून माझ्या हातात दिली. स्कूटर मी चालवली. ते मागं बसले होते आणि त्यांच्या पोटाची ऊब माझ्या पाठीला लागत होती. ती उन्हाची नव्हती.

डॉक्टरांनी ताप बघितला, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, एक्स-रे बघितला. मग खुर्चीत मागं टेकले.

"तीन महिने? मी सांगितलं नव्हतं? कार्डावर लिहिलंय. आमच्या लोकांनी फोन केले."

पप्पा जमिनीकडं बघत होते. ते काहीतरी गावाचं सांगणार, हे मला कळलं. मी आधी बोलले.

"ते गावाला गेले नव्हते. फोनवर मी खोटं बोलले. आमचा तुमच्यावर विश्वास नव्हता."

खोलीत नर्स होती, ती फाइल लावायची थांबली. माझे कान गरम झाले. पण वाक्य संपलं नव्हतं, म्हणून मी पुढं बोलले. "तुम्ही खडा काढला म्हणालात, पण दाखवला नाही. पप्पांनी आठ दिवस जाळीतून शोधला. सापडला नाही. म्हणून आम्हाला वाटलं तुम्ही काहीच केलं नाही."

"जाळीतून?" डॉक्टर म्हणाले.

"पंपाच्या," पप्पा खाली बघतच म्हणाले.

डॉक्टर ह्या वेळी हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "तो मुतखड्यासारखा नसतो हो. मऊ असतो. ओल्या मातीचा गोळा समजा. काढतानाच त्याचे तुकडे झाले. जाळीत काय सापडणार?"

"त्या दिवशीचा फोटो असेल ना?" मी विचारलं.

त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. बराच वेळ शोधलं. मग म्हणाले, "त्या दिवशीचं ठेवलेलं दिसत नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खरंच ठेवलं नव्हतं, की ठेवण्यासारखं काही नव्हतं? मी ते विचारलं नाही. पप्पांचा ताप एकशे तीनच्या वर होता. आता ते विचारून उपयोग नव्हता, आणि हे पप्पांनाही कळलं असावं. ते म्हणाले, "साहेब, करा काय करायचं ते. फक्त एक. ही आत उभी राहील."

"आत नातेवाईक नाही घेत."

"मग ऱ्हाऊ दे."

"पप्पा!" मी म्हणाले.

"अहो, तुमच्या रक्तात जंतू जातायत," डॉक्टर वैतागून म्हणाले. "हट्ट करायची वेळ आहे का?"

पप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. शेवटी डॉक्टरांनीच नर्सला सांगितलं, "हिला एप्रन द्या उद्या."

त्या दिवशी सलाईनमधून औषधं चालू केली. मम्मी आली, पप्पांना बोलली, मला बोलली, मग दोघांच्या मध्ये बसून रडली. पप्पा तापात मधूनमधून कन्नडमध्ये काहीतरी म्हणत होते. लहानपणी मैंदर्गीत ते आपल्या आईशी कन्नडच बोलायचे. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. मी त्यांचा अंगठा धरून बसले.

सकाळी मला शिशाचा एप्रन घातला. तो इतका जड होता की खांदे खाली ओढले गेले. पप्पा कुशीवर झोपले होते, तोंडात प्लास्टिकची कडी, डोळे मिटलेले. पडदा मला दिसेल असा वळवला होता. आधी लाल, मग गुलाबी, ओलसर घड्या. मी पडद्याकडं बघत होते, आणि खरं सांगते, मधूनच पप्पांच्या पायांकडंही बघत होते. डॉक्टर दुर्बीण पुढं ढकलायचे तेव्हा चादरीखालची बोटं हलायची आणि त्याच क्षणी पडदाही हलायचा. पडद्यावरचं पोट ह्याच माणसाचं आहे एवढी खात्री झाल्यावर मी पाय बघायचं सोडलं.

"ही बघा," डॉक्टर म्हणाले.

घडीतून निळं टोक बाहेर आलं होतं. त्याचं तोंड काळपट गाळानं गच्च बुजलेलं होतं. तारेचा एक फास आला, टोकाभोवती पडला, आवळला. नळी सरकत सरकत बाहेर आली आणि तिच्या मागून आधी तपकिरी चिखल, मग पू, आणि मग बराच वेळ नुसतं पिवळं, स्वच्छ पाणी वाहत राहिलं. डॉक्टरांनी बारीक फुगा आत घालून पित्ताची नळी एकदा झाडली, मग पुन्हा झाडली. आणखी थोडा चिखल आला. तिसऱ्यांदा झाडली तेव्हा काही आलं नाही.

"दिसलं?"

"हो," मी म्हणाले.

"आता नवीन नळी नाही घालत. गरज नाही."

दुपारी पप्पा जागे झाले. घसा पुन्हा बसला होता. मम्मी खाली औषधं आणायला गेली होती. मी खुर्ची जवळ ओढली.

"निघाली?"

"निघाली. निळी होती. बोटाएवढी लांब. काळ्या गाळानं पूर्ण तुंबलेली. तारेचा फास टाकून ओढली."

"तू डोळ्यांनी बघितलीस?"

"हो."

"अजून काय निघालं?"

"चिखल. पू. मग स्वच्छ पित्त आलं."

"खडा?"

"ह्या वेळी खडा नव्हता. मागच्या वेळी होता का, ते मी सांगू शकत नाही."

त्यांनी विचार केला. कपाळावर हात ठेवून बघितला, स्वतःच्याच. मग हात खाली घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

मम्मी औषधांची पिशवी घेऊन आली आणि तिनं येताच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर? काय निघालं आतून?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पा बोलले, डोळे न उघडता.

"निळी नळी. वीतभर. काळ्या चिखलानं गच्च भरलेली. फास टाकून वडली, मागनं ह्यो एवढा पू आला. मग झऱ्यागत पिवळं पानी."

"तुम्हाला दिसली?"

"व्हय. समोरच हुतं की सगळं."

मम्मीनं माझ्याकडं बघितलं. मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि गोळ्या सकाळच्या कुठल्या, संध्याकाळच्या कुठल्या ते बघायला लागले.